दस्तगीर मिस्त्री आणि ओढ गेलेली गाडी

घाट चढायला लागण्याआधी जे शेवटचं गाव लागतं, तिथं दस्तगीर नावाचा एक मिस्त्री होता. रस्त्याला लागूनच त्याचं गॅरेज. वर पत्र्याचं छप्पर, पुढं चिंचेचं झाड, आणि झाडाखाली नेहमी दोन-तीन गाड्या बॉनेट उघडून उभ्या. घाटात गाडी बिघडली तर ती न्यूट्रलवर सोडून द्यावी, आपसूक दस्तगीरच्या दारात जाऊन थांबते, असं लोक गमतीनं म्हणत.

दस्तगीरला आपल्या कामाचा अभिमान होता, आणि तो फुकाचा नव्हता. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक तो चालू इंजिनावर टेकवायचा, मूठ कानाशी धरायचा आणि डोळे मिटायचा. मग म्हणायचा, "तिसरा व्हॉल्व्ह बोलतोय." इंजिन उघडलं की तिसराच निघायचा. तालुक्याच्या मोठ्या वर्कशॉपमधली माणसंसुद्धा अडली की त्याला फोन करायची. गावात तर म्हणच पडली होती, 'दस्तगीर बोलला म्हणजे बोलला.'

त्याच गावात वत्सलाबाई गावडे यांचा काजूचा कारखाना होता. नवरा गेल्यावर बाईंनी तो एकटीनं उभा केला होता. पंचवीस बायका अंगणातल्या शेडमध्ये बसून काजू सोलायच्या. बाई कडक होत्या, पण कोणाची मजुरी त्यांनी कधी अडवली नाही. त्यांची पांढरी पेट्रोल गाडी अकरा वर्षं भैरू पाटोळे चालवत होता. आठवड्यातून तीनदा बाईंना घाटावरच्या बाजारात न्यायचं आणि परत आणायचं. गाडीला त्यानं कधी ओरखडा येऊ दिला नाही. त्याची बायको अंजना त्याच शेडमध्ये काजू सोलायची.

एका वर्षी दिवाळीनंतर गाडीचं काहीतरी बिनसलं. तीच टाकी, तोच रस्ता, पण पेट्रोल लवकर संपायला लागलं. वाघजाईचं वळण गाडी पूर्वी तिसऱ्या गिअरमध्ये चढायची, ती आता दुसऱ्यातही रडत चढू लागली. पहिल्यांदा हे भैरूनंच सांगितलं. तो म्हणाला, "बाई, गाडीची ओढ गेलीय. मिस्त्रीला दाखवूया."

बाईंनी दस्तगीरला कारखान्यावर बोलावलं. तो आला तेव्हा दुपारची सुट्टी होती. बायका डबे खाऊन शेडच्या कठड्यावर बसल्या होत्या. दस्तगीरनं बॉनेट उघडलं, स्क्रू ड्रायव्हर टेकवला, कान लावला. सगळं अंगण गप्प झालं. असं अंगण गप्प झालं की दस्तगीरला बरं वाटायचं.

इंजिनात कुठं खरखर नव्हती, ठोका नव्हता. त्यानं ते दोनदा ऐकलं. मग कान काढला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "बाई, इंजिन ठणठणीत आहे. एवढं पेट्रोल ही गाडी पीत नाही. पिणारा दुसराच कोणीतरी असेल."

बायका हसल्या. दस्तगीरही हसला. भैरू हातात फडकं घेऊन त्याच्या शेजारीच उभा होता. तो हसला नाही.

दस्तगीरच्या दृष्टीनं ती एक चटकदार गोष्ट होती. गॅरेजवर पोचेपर्यंत तो ती विसरलाही. पण दस्तगीर बोलला म्हणजे बोलला.

दुसऱ्या दिवशी सकाळी वत्सलाबाईंनी भैरूला ऑफिसात बोलावलं आणि सांगितलं, "उद्यापासून येऊ नकोस."

भैरूनं एकच विचारलं. "बाई, तुम्ही स्वतः काही बघितलं का?"

"दस्तगीर बोलला," बाई म्हणाल्या.

भैरू वाद घालत बसला नाही. गाडी पुसून, सावलीत लावून तो घरी गेला.

घाटाच्या अलीकडंपलीकडं त्याला कोणी गाडीवर ठेवेना. शब्द त्याच्या आधी जाऊन पोचलेला असायचा. शेवटी नदीकाठच्या वीटभट्टीवर त्याला ट्रॅक्टर मिळाला. तिथला मालक डिझेलच्या कॅनला कुलूप लावायचा आणि रोज सकाळी स्वतःच्या हातानं टाकीत ओतायचा. भैरू तेव्हा दुसरीकडं बघत उभा राहायचा. अंजना मात्र काजू सोलायला येत राहिली. ती आली की शेजारच्या बायका आपापली पिशवी जराशी ओढून घ्यायच्या. ती मान खाली घालून काम करायची आणि सुट्टी झाली की सरळ घरी जायची.

दस्तगीरला हे कळलं होतं. एकदोनदा नदीच्या रस्त्यावर त्याला ट्रॅक्टरवर भैरू दिसला. दस्तगीरनं मोटारसायकल हळू केली, मग पुन्हा वेग दिला. मनात म्हणाला, मी काही कोणाचं नाव घेतलं नव्हतं.

फाल्गुनातली गोष्ट. एका सकाळी वत्सलाबाईंची गाडी गॅरेजच्या दारात येऊन थांबली. नवा ड्रायव्हर खाली उतरला आणि वैतागून म्हणाला, "मिस्त्री, ही गाडी आहे का बैल? वळणावर मागं ट्रकांची रांग लागली. वर हा दिवाही पेटलाय."

मीटरमध्ये इंजिनाचं पिवळं चिन्ह पेटलेलं होतं.

दस्तगीरनं आधी सवयीनं कान लावला. इंजिन आजही स्वच्छ होतं. मग त्यानं विचारलं, "पेट्रोल?"

"तेवढंच खातेय. आधीचा चोरायचा म्हणे. आता मी काय पितो की काय?" नवा ड्रायव्हर म्हणाला आणि चिंचेखाली जाऊन बसला.

दस्तगीरच्या हातातला स्क्रू ड्रायव्हर तसाच राहिला. माणूस बदलला होता, पण पेट्रोल तेवढंच जात होतं. आणि मग जी गोष्ट त्याला तीन महिन्यांपूर्वी सुचायला हवी होती, ती आता सुचली. पेट्रोल चोरलं तर टाकी रिकामी होते. गाडीची ओढ कशी जाईल? भैरूनं तर पहिलीच तक्रार ओढीची केली होती.

त्यानं कपाटातून स्कॅनर काढला. हे यंत्र त्याच्याकडं होतं, पण तो ते क्वचितच वापरायचा. गाडीला जोडलं तसं त्यानं दाखवलं, नॉक सेन्सर.

नॉक सेन्सर म्हणजे इंजिनाच्या अंगाला बोल्टनं घट्ट बसवलेला एक लहानसा गोल तुकडा. आत पेट्रोल वेळेआधी भडकलं तर इंजिनात टकटक ठोके पडतात. तो ठोका हा सेन्सर ओळखतो आणि गाडीतल्या कॉम्प्युटरला कळवतो. कॉम्प्युटर मग ठिणगीची वेळ मागं ओढतो. गाडी जरा मंदावते, पण इंजिन वाचतं. मात्र सेन्सरच बिघडला, तर नसलेला ठोका तो आहे म्हणून सांगत राहतो. कॉम्प्युटर बिचारा इंजिनाला धरून ठेवतो. ओढ जाते, पेट्रोल जास्त जातं, आणि बाहेरून ऐकणाऱ्याला इंजिन अगदी निरोगी वाटतं.

दुसऱ्या कोणी एवढ्यावर नवा सेन्सर मागवून बसवला असता. दस्तगीर थांबला. एकदा न तपासता बोललो, आता दुसऱ्यांदा नाही, असं त्यानं ठरवलं. त्यानं आधी सेन्सरची वायर टोकापासून टोकापर्यंत विजेच्या मीटरनं तपासली. कधी उंदीर कुरतडतात, कधी ती गरम पाइपाला टेकून वितळते. वायर धडधाकट होती. कनेक्टर उघडून पाहिला. आत गंज नव्हता, पाणी नव्हतं. म्हणजे दोष सेन्सरमध्ये किंवा तो बसवण्यात होता. सेन्सर आत, हवेच्या मोठ्या पाइपांच्या खाली दडलेला होता. तिथं पोचायला निम्मा दिवस लागला.

जेवणाच्या वेळी तो तिथं पोचला. बोल्टला पाना लावला आणि जोर दिला. बोल्ट हलेना. आणखी जोर दिला तेव्हा तो कडकन सुटला. एवढ्या नाजूक वस्तूला कोणी एवढं आवळतं का, असं मनात म्हणत त्यानं सेन्सर उजेडात धरला. अंगावर केसासारखी एक चीर होती. मीटर लावून त्यानं पान्याच्या मुठीनं त्यावर हलकेच टकटक केलं. काटा कधी उगाच उडायचा, कधी टकटक केली तरी हलायचा नाही. मग टकटक न करता नुसताच धरला. तरी काटा उडाला.

दोष सापडला होता. दस्तगीर खूश व्हायला हवा होता. पण त्याची नजर बोल्टच्या डोक्यावर गेली आणि तिथंच खिळली.

डोक्यावर पिवळ्या रंगाचा ठिपका होता.

दस्तगीर स्वतः आवळलेल्या प्रत्येक बोल्टवर पिवळा ठिपका द्यायचा. हे काम माझं आहे, अशी ती त्याची खूण होती. दिवाळीच्या तोंडावर याच गाडीचा पाण्याचा पाइप बदलताना त्यानं हा भाग खोलला होता. सेन्सरचा बोल्ट किती आवळायचा याचं माप असतं, त्यासाठी वेगळा पाना असतो. त्या दिवशी तो पाना घ्यायला तो उठला नव्हता. वीस वर्षांच्या सरावाच्या हातानं, अंदाजानं आवळला होता.

म्हणजे गाडी बिघडवली त्यानंच. आणि चोर ठरवलं भैरूला, तेही त्यानंच.

नवा ड्रायव्हर डोकावून म्हणाला, "सापडलं?"

"सापडलं."

"मग पार्ट गेला होता म्हणून सांगा बाईंना. नवा टाका, विषय संपला."

त्याचं म्हणणं सोपं होतं आणि खोटंही नव्हतं. पार्ट गेलाच होता. तो कोणी घालवला, हे कोणी विचारणार नव्हतं. बोल्टवरचा ठिपका बोटाएवढ्या फडक्यानं पुसला गेला असता.

तेवढ्यात दस्तगीरची बायको जुबेदा डबा घेऊन आली. तो हात धुवायला उठला नाही, तेव्हा तिनं काय झालं ते विचारलं. त्यानं बोल्ट तिच्या हातावर ठेवला आणि सगळं सांगितलं. मग म्हणाला, "वीस वर्षांचं नाव आहे. हे बाहेर पडलं तर नावाला डाग लागेल."

जुबेदानं बोल्ट उलटसुलट पाहिला. "भैरूच्या नावाला लागलेलाच आहे की," ती म्हणाली. "तो त्याचा नाही, हे आता तुम्हालाच माहीत आहे. दुसऱ्या कोणाला नाही."

डबा तिथंच ठेवून ती निघून गेली. दस्तगीर उठला आणि त्यानं हात धुतले. मग त्यानं नवा सेन्सर आणला, मापाच्या पान्यानं, मापाइतकाच आवळून बसवला आणि गाडी चालू केली. पिवळं चिन्ह विझलं. जुना सेन्सर आणि ठिपक्याचा बोल्ट त्यानं खिशात घातला.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत तो कारखान्यावर गेला. मुद्दाम सुट्टीतच गेला. बायका तशाच कठड्यावर बसल्या होत्या. अंजना शेडच्या टोकाला एकटी बसून, सुट्टी असूनही काजू सोलत होती. ऑफिसातून वत्सलाबाई बाहेर आल्या.

"गाडी झाली?" त्यांनी विचारलं.

"झाली. पण मला काहीतरी सांगायचं आहे. इथं, सगळ्यांच्या देखत." दस्तगीरनं खिशातून सेन्सर आणि बोल्ट काढून हातावर धरले. "गाडी या तुकड्यामुळं बिघडली होती. तुकडा फुटला तो या बोल्टमुळं. बोल्ट जास्त आवळला होता. आणि हा ठिपका माझा आहे. बोल्ट मी आवळला. पेट्रोल कोणी चोरलं नाही. भैरूनं गाडीची ओढ गेली म्हणून सांगितलं ते खरं होतं. मी त्याला काहीच विचारलं नाही."

मग एक म्हातारी बाई म्हणाली, "मिस्त्री, तुझा कान तर कधी चुकत नव्हता."

"कान नाही चुकला, मावशी," दस्तगीर म्हणाला. "कानानं एवढंच सांगितलं होतं, की इंजिनात ठोका नाही. पुढचं जिभेनं लावलं."

वत्सलाबाईंचा चेहरा कठीण झाला. "म्हणजे अकरा वर्षं गाडी चालवणाऱ्या माणसाला मी तुझ्या एका वाक्यावर काढलं."

"होय बाई. वाक्य माझं होतं."

"आणि काढणारी मी होते," बाई म्हणाल्या. त्या शेडच्या टोकापर्यंत चालत गेल्या आणि अंजनाच्या समोर उभ्या राहिल्या. "अंजना, माझ्याकडून अन्याय झाला."

अंजनाचा हात थांबला. तिनं वर पाहिलं नाही. ती म्हणाली, "ते भट्टीवर आहेत. त्यांना सांगा."

दस्तगीर तिथून थेट नदीवर गेला. भैरू ट्रॅक्टरच्या सावलीत भाकरी खात होता. शेजारी भट्टीचा मालक विटा मोजून घेत होता. दस्तगीर भैरूच्या समोर मातीतच बसला आणि त्यानं पहिल्यापासून सगळं सांगितलं, पान्यासाठी उठलो नाही तेही सांगितलं.

भैरूनं हातातला घास संपवला. "दस्तगीरभाई, गाडी मी चालवत होतो. तेव्हा एकदा मला विचारलं असतं तर."

"विचारायला पाहिजे होतं."

"तुमचं हसणं झालं. माझी बायको तिथंच बसली होती."

दस्तगीर उठला, भट्टीच्या मालकाकडं गेला आणि मोठ्यानं म्हणाला, "शेठ, तुमच्या कॅनला कुलूप आहे ते माझ्यामुळं. भैरूनं कधी थेंबही चोरला नाही. चूक माझी होती. ती मला कालच कळली, आज सगळ्यांना सांगत फिरतोय." मालक गोंधळून नुसता मान हलवत राहिला.

मग दस्तगीर परत आला. "भैरू, एक काम आहे तुझ्याकडं. गाडी नीट झाली असं मी म्हणतोय. पण या गाडीबद्दल माझं म्हणणं आता पुरे नाही. ती ओढ परत आली का, हे फक्त तुलाच कळेल. तू चालवून बघ. तू हो म्हणशील तेव्हाच मी ती झाली म्हणेन."

भैरूनं त्याच्याकडं नीट पाहिलं. इतक्या वर्षांत दस्तगीरनं कोणाला असं विचारलेलं त्यानं ऐकलं नव्हतं. "उद्या सकाळी सहाला येतो," तो म्हणाला. "आठला मला इथं हजर व्हायचं असतं."

दस्तगीरनं कळवल्याप्रमाणं सकाळी सहाला कारखान्याच्या अंगणात वत्सलाबाई मागच्या सीटवर येऊन बसल्या. दस्तगीर पुढं बसला. भैरू धुतलेला पांढरा शर्ट घालून आला होता. नव्या ड्रायव्हरनं मागं सरकवलेली सीट त्यानं पुढं घेतली, आरसा नीट केला आणि गाडी काढली.

गाव मागं पडलं. चढ सुरू झाला. भैरूचा पाय हलका होता आणि गाडी त्याचं ऐकत होती. वाघजाईचं वळण आलं. त्यानं गिअर बदलला नाही. तिसऱ्यातच त्यानं गाडी वळवली आणि गाडी न कुरकुरता, एका दमात वर निघाली. दस्तगीर इंजिनाकडं कान देऊन बसला होता, पण बघत होता भैरूच्या चेहऱ्याकडं. तीन महिन्यांत पहिल्यांदा त्या चेहऱ्यावरचा ताण गेला होता.

माथ्यावर भैरूनं गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि हात मांडीवर ठेवले.

"आली ओढ," तो म्हणाला.

वीस वर्षांत कितीतरी लोकांनी दस्तगीरची तारीफ केली होती. पण या दोन शब्दांनी त्याची छाती जितकी भरून आली, तितकी ती कोणत्याही तारिफेनं आली नव्हती.

मागून वत्सलाबाई म्हणाल्या, "भैरू, मी चुकले. काल अंजनासमोर, सगळ्या बायकांसमोर म्हटलं, आज तुला म्हणते. आजपासून गाडी तुझ्या ताब्यात घे. भट्टीवर जायची गरज नाही."

भैरूनं पुन्हा स्टिअरिंगवर हात ठेवला. "येईन बाई," तो म्हणाला. "पण आज नाही. भट्टीवाल्याला शनिवारपर्यंतचा शब्द दिलाय. त्याच्या विटा पोचवायच्या आहेत. सोमवारी येतो."

बाईंनी क्षणभरही विचार केला नाही. "मग सोमवारपर्यंत गाडी उभी राहील," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या कोणाला देणार नाही."

भैरूनं गाडी वळवली. आठच्या आत त्याला भट्टीवर पोचायचं होतं.

तात्पर्य: जेवढं तपासलं तेवढंच बोलावं, आणि आपल्या शब्दानं कोणाचं नाव बिघडलं, तर जिथं तो शब्द उच्चारला तिथंच उभं राहून, तितक्याच मोठ्यानं तो परत घ्यावा. असं करणाऱ्याची मान खाली जात नाही.